दाराच्या उजव्या अंगाची वीट

एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. मग माणसाने कान झाकून फिरावं नाहीतर टोपी घालून, लोक कानफाट्याच म्हणणार. ओल्या मिस्त्रीचं तेच झालं होतं. आईबापांनी ठेवलेलं चांगलं चार अक्षरी नाव त्याला होतं, पण ते आता दोनच ठिकाणी उरलं होतं, एक मतदारयादीत आणि दुसरं बायकोच्या रागात. बाकी सगळ्या जगाला तो ओल्या.

नाव पडलं त्याला बावीस वर्षं झाली होती. ठेकेदाराने एका ओळीत चार घरं बांधली, भिंतीला भिंत लावून. चारी घरांचा आतला गिलावा ओल्याने केला. वर्ष उलटायच्या आत पहिल्या तीन घरांच्या भिंती खालून काळवंडल्या, ओल कमरेपर्यंत चढली आणि गिलाव्याचे पोपडे सुटून पडायला लागले. घरमालक खवळले. सगळ्यांना बोलावून अंगणात बैठक झाली. ठेकेदार पांढऱ्याशुभ्र शर्टात उभा राहिला आणि म्हणाला, "जोत्यावर डांबराचा थर मी स्वतः उभं राहून घालून घेतलाय. खालची ओल वर येणं शक्य नाही. या पोराने ओल्या भिंतीवर गिलावा चढवला. मला कुणी सांगितलंच नाही."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. ओल्या तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तो म्हणाला, "सांगितलं होतं, साहेब. भिंत ओली आहे म्हणून सांगितलं होतं. तुम्हीच म्हणालात, झाक." पण शुभ्र शर्टापुढे चुन्याने माखलेल्या हातांचं कोण ऐकतो? पहिल्या घरात राहणारे शाळामास्तर चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाले, "वा रे ओल्या." सगळे हसले, आणि ते नाव त्याला जे चिकटलं ते चिकटलंच.

आता डांबराचा थर म्हणजे काय, तर जोत्यावर, पहिल्या विटेखाली घातलेला बोटभर जाडीचा काळा पट्टा. तो असला की जमिनीतलं पाणी तिथेच अडतं. नसला की भिंत दिव्याच्या वातीसारखी पाणी वर ओढत राहते, मग वरून सोन्याचा गिलावा करा. ठेकेदाराने थर घातला होता की नाही, हे बघायला जोतं फोडावं लागलं असतं, आणि नव्या घराचं जोतं कोण फोडून घेतो? तिन्ही घरमालकांनी गिलावा खरवडून नवा केला. तो पडला, पुन्हा केला. बावीस वर्षांत मास्तरांच्या भिंतीने चार गिलावे खाल्ले आणि प्रत्येक वेळी मास्तरांनी ओल्याच्या नावाने बोटं मोडली.

चौथं घर विकलं गेलंच नाही. अशा बदनाम ओळीत कोण येतो? शेवटी ठेकेदार स्वतःच बायकोला घेऊन तिथे राहायला गेला. दुसऱ्यासाठी खड्डा खणावा आणि त्यात आपणच संसार मांडावा, तशी गत. बैठकीच्या खोलीला त्याने छातीएवढं प्लायवूड ठोकून घेतलं, वरून पॉलिश मारलं. आत भिंत कुजत होती आणि बाहेरून खोली एखाद्या मंत्र्याच्या केबिनसारखी दिसत होती.

ओल्याचा सूड त्या प्लायवूडच्या मागे बसला होता.

त्याचं असं की ओल्याच्या वस्तादांची एक रीत होती. काम जिथे संपतं तिथे शेवटच्या हातभर जागेत गिलावा चढवण्याआधी खिळ्याने विटेवर कोरून ठेवायचं. तारीख, भिंत कशी होती, आणि कुणाला काय सांगितलं. वस्ताद म्हणायचे, "मालकाशी खोटं बोललास तर तो तुला हाकलेल. बायकोशी बोललास तर ती ओळखेल. पण विटेशी खोटं बोलू नये. ती गप्प बसते आणि एक दिवस उघडी पडते." चार घरांचं ते काम चौथ्या घरात संपलं होतं, बैठकीच्या खोलीत, दाराच्या उजव्या अंगाला. तिथे ओल्याने एकाखाली एक तीन विटांवर तीन ओळी कोरल्या होत्या. तारीख. भिंत ओली आहे. ठेकेदाराला सांगितलं. त्याला अक्षरन्अक्षर पाठ होतं. बायकोलाही पाठ झालं होतं, कारण लग्न झाल्यापासून जेवताना तो तिला तेच ऐकवत होता.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी त्याने त्या घरात शिरायचा प्रयत्न केला होता. ठेकेदाराने दारातूनच हाकललं. मग प्लायवूड लागलं. मग ओल्या थांबला. ओल कुणाची मिंधी राहत नाही, तिला लाच चालत नाही, कधीतरी ते प्लायवूड कुजणार आणि हे लोक मला बोलावणार, असं तो म्हणायचा. आणि बोलावणार म्हणजे बोलावणारच, कारण एवढ्या वर्षांत ओल्याने ओल या विषयात असं काही डोकं घातलं होतं की आसपास त्याच्यासारखा माणूस उरला नव्हता. ज्या गोष्टीने नाव घालवलं तिलाच त्याने धंदा केलं. भिंतीला ओल आली की लोक म्हणायचे, ओल्याला बोलवा. हसत हसत म्हणायचे, पण बोलवायचे.

शेवटी एका मंगळवारी ठेकेदाराच्या बायकोचा फोन आला. प्लायवूडचा एक अख्खा तुकडा सोफ्यावर पडला होता आणि मागून मूठ मूठ माती निघत होती.

"येतो, वहिनी," ओल्या म्हणाला. फोन ठेवून त्याने बायकोकडे बघितलं. ती पीठ मळता मळता थांबली.

"आलं का बोलावणं?" तिने विचारलं.

"आलं."

"मग आता जीभ आवरा. हातानेच काय ते बोला."

ठेकेदार सत्तरी ओलांडून गेला होता. शर्ट अजून पांढराच होता, फक्त आतला माणूस आक्रसला होता. खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसून त्याने ओल्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ये. तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार नाही, असं सगळे म्हणतात."

"सगळे काय म्हणतात ते मला माहीत आहे, साहेब."

ठेकेदार हसला. त्याला काही वाटलं असेल तर चेहऱ्यावर दिसलं नाही. निगरगट्ट माणसाचं तेवढं एक बरं असतं. ओल्याने उरलेलं प्लायवूड पहारीने काढलं. मागची भिंत बघून वहिनींनी पदर नाकाला लावला. छातीपर्यंत गिलावा काळा पडला होता, वरच्या कडेला पांढरा खार कापसासारखा फुलला होता. ओल्याने बोटाच्या पेराने ठोकून बघितलं. सगळीकडे बद बद. गिलावा विटांना सोडून नुसता सवयीने उभा होता.

"तीन महिने लागतील," ओल्या म्हणाला. "हा सगळा गिलावा काढायचा. मग विटा उघड्या ठेवायच्या, खार कोरड्या ब्रशने रोज झाडायचा, भिंत पूर्ण वाळू द्यायची. त्यानंतर चुन्याचा गिलावा. मधे पडदा लावायचा नाही, कपाट पुढे सरकवायचं नाही. हवा लागली पाहिजे."

"तीन महिने बैठकीच्या खोलीत उघड्या विटा?" वहिनी म्हणाल्या. "येणारे जाणारे काय म्हणतील?"

काय म्हणतील? वाचतील, ओल्या मनात म्हणाला. तीन महिने येईल तो वाचेल, आणि तू, ठेकेदारा, या खुर्चीत बसून त्यांना वाचताना बघशील. त्याला आतून एवढं बरं वाटलं की हातातली पहार त्याने हळूच खाली ठेवली.

"आणि जोतं?" ठेकेदाराने विचारलं. आवाज सहज होता, जरा जास्तच सहज.

"ते नंतर बघू. आधी भिंत."

त्याच संध्याकाळी ओल्या मास्तरांकडे गेला. मास्तर आता निवृत्त होऊन आरामात चिडचिड करत होते. त्यांनी दार उघडून विचारलं, "काय रे ओल्या, आज इकडे कुठे?" ओल्या म्हणाला, "शनिवारी चार वाजता ठेकेदारांकडे या. मधल्या दोन्ही घरांतल्यांनाही आणा. तुम्हाला एक वीट वाचायची आहे." मास्तरांनी आयुष्यभर मुलांच्या वह्या वाचल्या होत्या, पण वीट वाचायचं बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं. ते नक्की येणार हे ओल्याला ठाऊक होतं.

गुरुवारी त्याने खिडकीकडची भिंत सोलली, शुक्रवारी समोरची. छिन्नी तिरकी धरून हातोडीने हलकेच टोला मारायचा, म्हणजे गिलावा पापडीसारखा सुटतो आणि विटेला इजा होत नाही. खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर ढीग वाढत होता. घमेली भरभरून तो बाहेर टाकून येत होता. दाराच्या उजव्या अंगाला त्याने हातच लावला नाही. चांगला घास माणूस शेवटी ठेवतो. ठेकेदार खुर्चीत पेपर वाचत असल्याचं सोंग करायचा आणि ओल्या शीळ घालायचा. वहिनी चहा आणून द्यायच्या. "तुम्ही फार मन लावून काम करता हो," एकदा त्या म्हणाल्या. ओल्याला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, पण फार नाही.

शनिवारी दुपारी दोन वाजता फक्त ती हातभर जागा उरली. ठेकेदार आत झोपला होता. वहिनी शेजारी गेल्या होत्या. खरं तर बेत असा होता की चार वाजता सगळ्यांच्या देखत तो तुकडा काढायचा. पण बावीस वर्षं धीर धरलेल्या माणसाला शेवटचे दोन तास धरवेनात. त्याला वाटलं, आधी आपण एकट्याने बघू, मग तुकडा तसाच टेकवून ठेवू. त्याने छिन्नी लावली. एका टोल्यात ताटाएवढा तुकडा अख्खा हातात आला.

तिन्ही विटा जागच्या जागी होत्या. कोरलेल्या रेघांत गिलाव्याचा चुना भरून राहिला होता, त्यामुळे लाल विटेवर पांढरी अक्षरं नुकतीच लिहिल्यासारखी दिसत होती. पहिली ओळ तारीख. दुसरी ओळ, भिंत ओली आहे. तिसरी ओळ त्याने वाचली, मग खाली बसून पुन्हा वाचली.

ठेकेदाराला सांगितलं नाही.

त्याने ब्रशने खार झाडला. बोट ओलं करून पुसलं. शेवटचा शब्द विटेच्या कडेला थोडा दाटीने कोरलेला होता, पण होता. अक्षर त्याचंच होतं, ह मधला तो वेडावाकडा आकडा त्याच्याशिवाय कुणाचा नव्हता.

आणि मग त्याला आठवलं. काही गोष्टी विसरलेल्या नसतात, आपण त्यांच्यावर गिलावा केलेला असतो. काम नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा तो सांगायला गेला होता, हे खरं. शब्द जिभेवर घेऊन गेला होता. ठेकेदार याच दारात उभा राहून चहा पीत होता. ओल्याला बघून म्हणाला, "पोरा, तुझ्या हाताला गुण आहे. पुढची बारा घरं तुलाच देतो." वस्तादांपासून वेगळं होऊन ओल्याने घेतलेलं ते पहिलंच काम. भिंत ओली आहे म्हटलं असतं तर महिनाभर काम थांबलं असतं आणि ती बारा घरं दुसऱ्याच्या हातात गेली असती. त्याने शब्द गिळला. "झाकू ना, साहेब?" एवढंच विचारलं. ठेकेदार म्हणाला, "झाक." मग काम संपताना त्याने विटेला खरं सांगितलं, कारण वस्तादांचा दरारा अजून अंगात होता. आणि बैठकीत ठेकेदाराने बोट दाखवलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, सांगितलं होतं. पहिल्या वर्षी ते खोटं आहे हे त्याला माहीत होतं. दहाव्या वर्षी नव्हतं.

म्हणजे ज्या एका वाक्यासाठी त्याने ठेकेदाराला बावीस वर्षं शिव्या घातल्या, ते वाक्य ठेकेदार खरं बोलला होता. आणि ते दाखवायला ओल्याने स्वतःच अख्खी गल्ली बोलावली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण राग म्हणजे काही कपडा नाही, अंगातून काढला आणि खुंटीला टांगला. बावीस वर्षं मुरलेला राग होता. तो म्हणाला, नाही सांगितलं तर नाही सांगितलं, त्या माणसाने माझं नाव मातीत घातलं की नाही? लग्नाच्या आधी सासरा दोनदा विचारून गेला, ओल्या म्हणतात तो हाच का? पोरीला शाळेत पोरं चिडवायची, ओल्याची पोर. हे काय त्या एका शब्दाने फिटतं? ओल्याने घड्याळ बघितलं. तीन वाजायला आले होते. त्याने बारीक छिन्नी काढली, शेवटच्या शब्दावर धरली आणि एक टोला मारला. विटेची कड टवका होऊन खाली पडली. उघडी पडलेली लालभडक जागा त्याने चुन्याची पूड चोळून मळकी केली. टवका पायाखाली चिरडला.

चार वाजता सगळे आले. मास्तर पुढे, हातात चष्म्याची डबी. दुसऱ्या घरातली शिंपीणबाई आणि तिच्या शेजारचा कंपाउंडर मागे. ठेकेदार उठून खुर्चीत येऊन बसला होता. ओल्याने बाजूला होऊन नुसतं बोट दाखवलं.

मास्तरांनी मोठ्याने वाचलं, वर्गात धडा वाचावा तसं. तारीख वाचली. "भिंत ओली आहे." आणि मग थांबून, "ठेकेदाराला सांगितलं."

वहिनी नवऱ्याकडे बघत राहिल्या. ठेकेदार काठी टेकत उठला, विटेजवळ आला, वाकला, बराच वेळ वाकून राहिला. त्याने विटेवर अंगठा फिरवला. मग परत जाऊन बसला.

"म्हणजे याने सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "आणि तुम्ही आम्हा सगळ्यांसमोर खोटं बोललात. बावीस वर्षं आम्ही या माणसाला," ते अडखळले आणि ओल्याकडे वळले. "मिस्त्री, ते नाव मी ठेवलं होतं. मी परत घेतो. माफ करा."

अहो, "माफ करा" म्हणाले. "रे" नाही, "तू" नाही. शिंपीणबाईने डोळ्यांना पदर लावला. कंपाउंडरने हात हातात घेतला. याच क्षणाची चव बघायला ओल्या एवढी वर्षं उपाशी राहिला होता, आणि चव खरोखर गोड होती, कुणी काही म्हणो. ठेकेदार मान खाली घालून बसलेला बघून त्याच्या पोटात थंडावा पडला.

सगळे गेल्यावर वहिनी आत गेल्या. ओल्या हत्यारं आवरायला लागला.

"ओल्या, इकडे ये," ठेकेदार म्हणाला.

त्याने उजव्या हाताचा अंगठा वर केला. अंगठ्याला लाल भुकटी लागली होती.

"चाळीस वर्षं विटांत काढली मी," ठेकेदार म्हणाला. "जुना टवका कसा दिसतो आणि तासाभरापूर्वीचा कसा दिसतो, एवढं कळतं. काय होतं रे तिथे? 'नाही' होतं ना?"

ओल्याने हातातली छिन्नी पिशवीत टाकली.

"मला वाटायला लागलं होतं, की तूच खरा असशील. म्हातारपणी मनुष्य स्वतःवर शंका घेतो." ठेकेदाराने अंगठा त्या पांढऱ्या शर्टालाच पुसला. "तरी मी गप्प बसलो बघ. का बसलो?"

"का?"

"कारण अजून जोतं बाकी आहे."

आता ओल्याच्या डोक्यात उजेड पडला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. "थर घातलाच नव्हता," तो म्हणाला.

"मी कुठे काय म्हणालो? ऐक. लोकांना आज काय कळलं? मिस्त्रीने सांगितलं होतं, ठेकेदाराने मनावर घेतलं नाही. दुर्लक्ष झालं. दुर्लक्ष कुणाचंही होतं, त्याने मी मरत नाही. पण थरच घातला नाही म्हटल्यावर ती तिन्ही घरं माझ्या उरावर बसतील. तू जोत्याला हात लावू नकोस. उद्या सकाळी ये, गिलावा चढव आणि मोकळा हो. तुझी वीट झाकली जाईल, माझं जोतं झाकलेलं राहील. तुझं नाव धुऊन निघालंच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"भिंत ओली आहे," ओल्या म्हणाला.

"मला माहीत आहे," ठेकेदार म्हणाला. "झाक."

संध्याकाळी गल्लीतून जाताना चहावाल्याने "बसा मिस्त्री" म्हटलं. मास्तरांनी बातमी त्याच्या आधी पोचवली होती. घरी बायकोने गोड केलं होतं. पोरगी सासरहून फोन करून रडली. "बाबा, मला आधीपासून माहीत होतं," ती म्हणाली. ओल्याने घास घेतला तो तोंडातच फिरत राहिला. बायको म्हणाली, "आता काय झालं? मिळालं ना सगळं?" तो म्हणाला, "मिळालं." तिने त्याच्याकडे दोनदा बघितलं आणि आणखी वाढलं.

रविवारी सकाळी तो चुन्याची बादली घेऊन ठेकेदाराकडे गेला. भिंतीला तळवा लावला. बर्फगार होती, हात दमट होऊन निघाला. ठेकेदार खुर्चीत बशीत चहा ओतून फुंकर मारत होता. रात्री झोप चांगली लागलेली दिसत होती.

"चल ओल्या," तो म्हणाला. "झाक."

जो राग कशानेच उठला नसता तो या शब्दाने उठला. तोच सूर, तोच चहा, तेच दार. ओल्या थापी हातात घेऊन उभा राहिला आणि त्याला दिसलं की हा म्हातारा त्याला परत तिथेच आणून उभा करतोय. लोकांनी नाव परत घेतलं, आणि ते नाव राखायला आता ओल्याने काय करायचं, तर ओल्या भिंतीवर गिलावा चढवायचा. काल जे नाव खोटं ठरलं तेच आज खरं होणार. वर्षभरात इथे पोपडे सुटतील, मास्तरांचा पाचवा गिलावा पडेल, सहावा पडेल, आणि हा इथे बसून फुंकर मारत चहा पिईल. माझ्याच हाताने मी याला राखणार? अजिबात नाही. बुडायचंच तर या माणसाला पायाला बांधून बुडेन.

त्याने थापी बादलीत टाकली आणि मोठा हातोडा उचलला.

"काय करतोस?" बशी हलली.

"जोतं बघतो, साहेब."

"वेडा झालास का? मी मास्तरला सांगेन. विटेचं सांगेन."

"तुम्हाला त्रास कशाला? मीच सांगतो."

त्याने फरशीलगतची पट्टी उडवली, तिच्यामागे राहिलेला गिलावा फोडला, माती हाताने ओढून काढली. दोन हात लांबीचं जोतं उघडं पडलं. दगडावर नुसता वाळू-सिमेंटचा मातकट माल, मालावर पहिली वीट. मधे तीळभरही काळं नव्हतं. वहिनी आवाज ऐकून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. नवऱ्याच्या खटपटी बघत त्यांनी आयुष्य काढलं होतं. जोत्यावर काय असायला हवं ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी खुर्चीतल्या माणसाच्या हातातली बशी काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली.

मग ओल्याने खिशातून खिळा काढला. टवक्याच्या खाली, तिसऱ्या विटेच्या उरलेल्या जागेत, त्याने तो शब्द पुन्हा कोरला, 'नाही'. पहिल्यापेक्षा खोल कोरला. शेजारी त्या दिवसाची तारीख घातली, फुंकर मारून भुकटी उडवली आणि दारात जाऊन मास्तरांना हाक मारली.

मास्तर लगबगीने आले. "काय मिस्त्री, सकाळीच सुरुवात?" ते म्हणाले. ओल्याने त्यांना आधी खाली बघायला लावलं. मास्तर गुडघ्यांवर बसले, बोट घालून बघितलं, बोटाचा वास घेऊन बघितला. त्यांचा चेहरा पडत गेला.

"थरच नाही," ते म्हणाले. "बावीस वर्षं मी भिंतच खरवडत बसलो. ही दमेकरी झाली माझी बायको त्या खोलीत, आणि खाली थरच नाही."

"आता वीट वाचा," ओल्या म्हणाला.

मास्तरांनी वाचली. या वेळी मोठ्याने नाही. "हे काल नव्हतं."

"होतं. तुम्ही यायच्या आधी मी फोडलं. सांगितलं नव्हतं, मास्तर. माझी जीभ उचलली नव्हती. यांनी थर घातला नाही आणि मी तोंड उघडलं नाही. तुमच्या समोर दोघेही खोटं बोललो."

"बघा," ठेकेदार खुर्चीतून घाईने म्हणाला. "मी तेव्हापासून सांगत होतो, मला कुणी,"

"तुम्ही गप्प बसा," वहिनी आतून म्हणाल्या.

ओल्याने खोली झाडली. ताडपत्री गुंडाळली, बादलीवर झाकण लावलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभेच होते, जोत्याकडून विटेकडे आणि विटेकडून जोत्याकडे बघत. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"हे असं किती दिवस ठेवणार आहेस?" ठेकेदाराने विचारलं. आवाज एवढासा निघाला.

"तीन महिने, साहेब. भिंत वाळेपर्यंत. खुर्ची मात्र हलवू नका, तिथून नीट दिसतं."

पिशवी खांद्याला अडकवून तो उंबऱ्यापाशी आला. पाठीमागून मास्तरांचा आवाज आला. त्यात चीड होती, आणि थकवाही होता.

"ओल्या, माझं जोतं कधी फोडतोस?"

ओल्या मिस्त्री थांबला. त्याने ते नाव ऐकलं आणि पिशवी खांद्यावर नीट केली.

"उद्या सकाळी येतो," तो म्हणाला.